डेलियाचे कंद दरवर्षी कुजतात? काळ्या मातीतलं निदान आणि उपाय

कंद लावून वीस दिवस झालेले असतात. रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलेलं असतं आणि कुंडीत कोंबाचा पत्ता नसतो. शेवटी धीर सुटतो, माती उकरायला जावं तर बोट थेट कंदातच रुततं. आत तपकिरी लगदा, आणि वास चाळीत सडलेल्या कांद्याचा. पुढच्या वर्षी नवे कंद मागवायचे, नवी माती भरायची, आणखी काळजी घ्यायची, आणि ऑक्टोबरात पुन्हा तोच लगदा.

ही रड मी स्वतः चार हंगाम रडले आहे, आणि लातुरात बागकाम करणाऱ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकीकडून ऐकली आहे. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर एवढंच करा: कोंब मातीवर दिसेपर्यंत पाणी घालू नका, आणि झोपलेला, म्हणजे अजून कोंब न फुटलेला, कंद थेट काळ्या मातीत लावू नका. बरेचसे कंद एवढ्यानंच वाचतात. उरलेल्यांची गोष्ट जरा लांब आहे, कारण ते कुजलेले दिसतात ऑक्टोबरात, पण त्यांचं बिनसलेलं असतं मार्च-एप्रिलमध्येच.

(डाहलिया म्हणा, डेलिया म्हणा. आमच्या नर्सरीत डेलियाच म्हणतात, म्हणून मीही.)

ज्या वर्षी पाणीच नव्हतं

२०१५ च्या दिवाळीत मी नर्सरीतून डेलियाच्या दोन कुंड्या आणल्या होत्या, एक जांभळी आणि एक पिवळी. संक्रांतीपर्यंत छान फुलल्या. पुढं काय झालं ते लातूरकरांना सांगायला नको. नळाला पाणी नाही, बोअर आटलेला, टँकरची वाट बघत दारात घागरी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ती बातमी साऱ्या देशानं पाहिली. अशा वेळी भांडी विसळलेलं पाणी तुळशीला मिळालं तरी खूप. डेलियाला कोण विचारतो? दोन्ही कुंड्या फेब्रुवारीतच जिन्याखाली ढकलल्या आणि विसरले.

सप्टेंबरात महालक्ष्म्यांसाठी घर आवरताना त्या कुंड्या पुढं ओढल्या. माती दगडासारखी, कडेनं भेगा पडलेल्या. आणि त्या भेगेतून जांभळट लाल रंगाचा, करंगळीएवढा कोंब वर आलेला! सात महिन्यांत थेंबभर पाणी नाही. आधीच्या वर्षी ज्यांना मी रोज पाणी पाजलं, ज्यांच्यावर हळद भुरभुरली, ते एकजात सडले होते.

मी हे कौतुकानं सासऱ्यांना सांगितलं. लातूरजवळच्या औशाकडं त्यांनी जन्मभर कोरडवाहू शेती केलेली. ते म्हणाले, "हरभरा पेरायच्या आधी आमी वापसा बघताव. तू गड्डा चिखलात घालायलीस, मग त्यो नासंल नाहीतर काय हुईल?"

वापसा! हा शब्द घरात रोज कानावर पडत होता, पण कुंडीशी त्याचा काही संबंध असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

कंदाला पाणी का सोसत नाही

झोपेतल्या कंदाला बारीक मुळ्या नसतात आणि पानंही नसतात. पाणी ओढायला मुळी नाही, बाहेर टाकायला पान नाही. कोंब काढण्यापुरतं पाणी आणि अन्न त्याच्या पोटात असतंच. आपण वरून ओतलेलं पाणी त्याच्या काही कामाचं नसतं, ते नुसतं त्याच्याभोवती साचून राहतं.

त्यात आपली माती काळी. बेसॉल्टच्या खडकापासून झालेली, भरपूर चिकणमाती असलेली. पाणी मिळालं की ही माती फुगते आणि तिच्यातल्या हवेच्या जागा बंद होतात. वाळली की आकसून भेगा पडतात. कापूस, तूर, हरभऱ्याला ती ओल धरून ठेवते म्हणून सोन्यासारखी. डेलियाच्या कंदाला मात्र ती ओल्या फडक्यात करकचून गुंडाळल्यासारखी. हवा मिळेनाशी झाली की कंदाची साल मऊ पडते, आणि मातीत आधीच असलेल्या बुरशी नि जिवाणूंना वाट मिळते. म्हणून बुरशीनाशकात बुडवून लावलेला कंदही चिखलात सडतो. औषध खोटं नसतं, दुखणं निराळं असतं.

वापसा म्हणजे पाय ठेवला तर माती चिकटत नाही आणि उचलली तर धूळही होत नाही, ती अवस्था. कुंडीसाठी याची परीक्षा सोपी आहे. मूठभर माती घट्ट दाबायची. गोळा झाला पाहिजे, बोटांतून पाणी सुटता कामा नये, आणि अंगठ्यानं टोचल्यावर गोळा फुटला पाहिजे. कंद लावताना माती एवढीच ओली हवी. त्यानंतर थेट कोंब दिसल्यावरच पाणी.

दुसरं एक. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगरपठारांवरचा. १९६३ पासून तो त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. तिथं तो कोरड्या थंडीत झोपतो आणि पावसाबरोबर उठतो. युरोपातही त्याची झोप थंडीतलीच, म्हणून तिकडचे व्हिडिओ सांगतात की कंद हिवाळ्यात जपा आणि हिमतुषार संपले की एप्रिल-मेमध्ये लावा. मी एकदा इमानदारीनं एप्रिलमध्ये लावले होते. ४१-४२ अंशांत गच्चीवरच्या कुंडीत कंद शिजतो हो, अक्षरशः! आपल्याकडं सगळं उलटं: डेलिया थंडीत फुलवायचा आणि उन्हाळ्यात झोपवायचा. तीच झोप सगळ्यात अवघड, कारण आधी लाहीलाही करणारा कोरडा उन्हाळा आणि पाठोपाठ दमट पावसाळा.

आधी कंद उकरा आणि हातात घ्या

"आला नाही" एवढ्यावरून कारण कळत नाही. उकरून बघावंच लागतं.

कंद मऊ, सालीखाली पाणी, घाण वास: ही ओलीची कूज. जिथं टणक पांढरा गर लागतो तिथपर्यंत ब्लेडनं कापत जा. मानेजवळ, म्हणजे कंद जुन्या खोडाला जोडलेला असतो तिथं, टणक भाग उरला असेल तर दोन दिवस सावलीत सुकवून पुन्हा कोरडसर वाळूत ठेवता येतो. मानच गेली असेल तर फेकून द्या, आणि कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका.

कंदावर किंवा खोडाच्या बुडाशी पांढरा कापसासारखा जाळ आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे: हे वाईट लक्षण. हरभऱ्या-भुईमुगाचा बुंधा कुजवणारी बुरशी हीच. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं राहतात. ती माती दुसऱ्या कुंडीत फिरवू नका. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर पातळ पसरा, ओली करा, पारदर्शक प्लास्टिकनं झाकून कडा दाबा आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवा. लातूरच्या उन्हाचा बागेला झाला तर हा एक फायदा. नंतर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं शेणखत घाला. बियाण्याला लावतात तोच ट्रायकोडर्मा, कृषी सेवा केंद्रात मिळतो.

कंद हलका आणि सुरकुतलेला, सुकलेल्या आल्यासारखा: हा पाण्यानं मेलेला नाही, साठवणीत वाळला आहे. थोड्या सुरकुत्या असतील तर ओलसर वाळूत दहा-बारा दिवसांत भरून येतो. वाकवल्यावर काडीसारखा मोडला तर त्यात काही उरलेलं नाही.

आणि चौथा प्रकार, ज्यानं मला सगळ्यात जास्त छळलं. कंद टणक आहे, ताजा आहे, त्याला पांढऱ्या मुळ्याही फुटल्या आहेत, पण दीड महिना झाला तरी कोंब नाही. हा कंद आंधळा आहे.

बटाटा हे जमिनीखालचं खोड. त्याच्या अंगभर डोळे असतात, डोळा असलेला कुठलाही तुकडा लावा, उगवतो. रताळं हे फुगलेलं मूळ, तरी त्याच्या अंगावर नवे कोंब फुटू शकतात. डेलियाचा कंदही फुगलेलं मूळच, पण त्याच्या अंगावर कोंब कधीच येत नाही. डोळा असतो फक्त वर, जिथं कंदाची बारीक मान जुन्या खोडाच्या बुंध्याला जोडलेली असते तिथं. तेवढा नखाएवढा भाग कंदासोबत नसेल, किंवा मान पिचकली असेल, तर कंद वांग्याएवढा मोठा असला तरी उगवणार नाही. आणि दिसायला छोटासा, बोटाएवढा कंद, पण डोळा शाबूत असेल तर डिसेंबरात कमरेएवढं झाड होतं. म्हणून कंद विकत घेताना आकार बघू नका, मान बघा. ऑनलाइन मागवले की डब्यात आपटून माना मोडतात. फोटोत सुंदर दिसणारे पाच कंद मी एकदा मागवले, त्यातल्या तिघांना बुंध्याचा तुकडाच नव्हता. विक्रेत्याचं उत्तर होतं, पाणी कमी पडलं असेल.

डोळा ओळखता येत नसेल तर अंदाजानं कापू नका. पुढं सांगितलं आहे तसं आधी जागं करा; डोळे हरभऱ्याच्या दाण्यासारखे फुगून लालसर दिसायला लागले की मगच गड्ड्याचे भाग करा. ब्लेड स्पिरिटनं पुसून घ्यायचं आणि कापलेले तुकडे दोन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यायची. त्याच दिवशी लावायची घाई करू नका. जखमेवर राख किंवा गंधकाची भुकटी लावतात, चालेल. राखेनं जखम लवकर कोरडी होते इतकंच. हळदीवर माझा विश्वास राहिला नाही.

पोळ्याला जागं करायचं, दसऱ्याला लावायचं

माझं वेळापत्रक सणांवर चालतं, तारखा लक्षात राहत नाहीत.

पोळा झाला की कंद बाहेर काढते. भोकं असलेल्या पसरट टोपल्यात दोन बोटं वाळू किंवा धुतलेलं कोकोपीट, वापशाइतकंच ओलं. त्यात कंद आडवे, एकमेकांना न चिकटवता मांडायचे. माना आणि बुंधा उघडा ठेवायचा, नुसतं अंग झाकायचं. टोपलं ओसरीवर, जिथं उजेड आहे पण पावसाची झड येत नाही. वाळू वरून पांढरी पडली तरच हातानं पाणी शिंपडायचं, तांब्यानं ओतायचं नाही. दोन ते तीन आठवड्यांत डोळे हलतात. याचा मोठा फायदा असा की आंधळे आणि आजारी कंद इथंच कळतात, तीन आठवडे कुंडी अडवून बसत नाहीत.

याच काळात एक विमा उतरवून ठेवा. कोंब तीन इंचांचा झाला की त्यातला एक बुडाशी कंदाची पातळ चकती ठेवून अलगद कापा आणि ओल्या वाळूत सावलीला खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या धरतो. कंदाला आणखी कोंब फुटतातच, आणि पुढं कंद दगावला तरी तो वाण घरात राहतो. थंडीत नर्सरीत मिळणारी मोठ्या फुलांची रोपं बहुतेक अशा काड्यांचीच असतात. हंगामाअखेर त्यांच्या पोटीही कंद धरतो, त्यामुळं कंदाचा अगदी कंटाळा आला असेल तर दिवाळीला रोपच आणा आणि त्याचा कंद सांभाळा.

कुंडीत किंवा वाफ्यात लावायचं ते दसऱ्याच्या पुढं-मागं, परतीचा पाऊस गेल्यावर. पावसानं पाय काढला नसेल तर थांबा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस कोसळला, त्या वर्षी मी टोपलं दिवाळीपर्यंत ओसरीवरच ठेवलं. फुलं उशिरा आली, पण आली. दसऱ्याला लावलेल्याला साधारण संक्रांतीला फूल येतं.

माती: काळी माती एक वाटा, त्याहून जास्त नाही. नदीकाठची पोयटा किंवा लाल माती दोन वाटे, जाडी वाळू एक वाटा, वर्षभर मुरलेलं शेणखत एक वाटा, मूठभर निंबोळी पेंड. ताजं शेण अजिबात नको. ते कुजताना तापतं आणि त्यातून हुमणी येते, जी मुळ्या कुरतडते. कुंडी बारा इंचांची, खालची भोकं खापरीनं झाकलेली पण बुजलेली नसावीत. आधी कुंडी अर्धीच भरा, कंद आडवा, कोंब वरच्या बाजूला, वर दोन इंच माती. झाड वाढेल तशी माती घालत जा.

जमिनीत लावायचं असेल तर आधी फूटभर खोल खड्डा करून पाण्यानं भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी चार तासांनंतरही तसंच उभं असेल तर तिथं खड्ड्यात लावू नका, नऊ-दहा इंच उंच गादीवाफा करा. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात चांगली माती भरणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय आहे आणि तो चुकीचा आहे. आजूबाजूचं पाणी त्याच खड्ड्यात उतरतं आणि विहिरीत लावल्यासारखं होतं.

आधाराची काठी लावतानाच रोवा. नंतर रोवली की टोक हमखास कंदात घुसतं, आणि मग जानेवारीत भर फुलात आलेलं झाड एका दुपारी मान टाकतं. तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) घरात पडलेल्या असतात म्हणून मीही वापरल्या. महिन्याभरात त्यांना वाळवी लागली आणि तिथून ती कंदापर्यंत गेली. बांबूच घ्या.

कोंब आला आणि गेला

कोंब सकाळी होता, संध्याकाळी बुंध्यापासून आडवा: मातीलगत काळं पडलं असेल तर पाणी जास्त आणि माती खोडाशी चिकटलेली. कापल्यासारखा तुटला असेल तर अळी; बुडाशी माती उकरा, गुंडाळी होऊन बसलेली सापडते.

कोंबच नाही आणि कुंडीच्या कडेला चमकणारा चिकट पट्टा: गोगलगाय. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीनची रोपंच्या रोपं त्यांनी फस्त केली, तेव्हापासून शहरातल्या कुंड्यांतही त्या नव्यानं नजरेत भरायला लागल्या. संध्याकाळी ओलं गोणपाट कुंड्यांशेजारी टाकून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ कुंडीभोवती पसरू नका. गोगलगायी थांबतील, पण मीठ मातीत उतरलं की झाडही थांबेल.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या, म्हणजे उसाला केवडा पडतो तसं: चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी यांमुळं लोह असूनही झाडाला मिळत नाही. चिलेटेड लोहाची फवारणी करा, आणि जमलं तर पावसाचं पाणी टाकीत साठवून तेच द्या. भुरी (पानांवर पांढरी भुकटी दिसते ती बुरशी) डिसेंबरात येतेच. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, ऊन उतरल्यावर. पानं नुसती माजली आणि कळी नाही, तर युरिया बंद करा आणि कुंडी उन्हात सरकवा.

खरी परीक्षा: मार्च ते ऑगस्ट

कंद भरतो तो दिवस बारा तासांहून लहान असताना, म्हणजे आपल्याकडं दसरा ते संक्रांतीनंतरचा महिनाभर. म्हणून फुलं संपली म्हणून हिरवं झाड फेब्रुवारीत कापून टाकू नका. पाणी हळूहळू कमी करा, पानं आपोआप पिवळी पडू द्या. मी आधी नेमकं हेच करायची, शिमग्याच्या आवराआवरीत हिरवी झाडं उपटायची. तसले कोवळे, पाणीदार कंद मे महिना बघत नाहीत.

झाड वाळलं की खोड चार इंच ठेवून कापा. आता दोन रस्ते आहेत.

कुंडीतला असेल तर काढूच नका. जिन्याखाली, पाणी लागणार नाही आणि ऊन येणार नाही अशा जागी कुंडी तशीच सरकवा. भोवतीची कोरडी माती कंदाला ऊन आणि वारा दोन्हींपासून सांभाळते. २०१६ ला नकळत झालं ते हेच, आणि मला अजून यापेक्षा चांगली पद्धत सापडलेली नाही. फक्त जूनमध्ये गच्चीचं पाणी जिन्याखाली येतं का ते बघा. आमच्याकडं येतं, म्हणून कुंड्या विटांवर.

वाफ्यातला असेल तर काढावा लागतो, नाहीतर मृगाचा पहिला मोठा पाऊस त्याला संपवतो. मार्चमध्ये काळी माती विटेसारखी होते. तशीच कुदळ घातली की माना मोडतात आणि सगळे कंद आंधळे होतात. दोन-तीन दिवस आधी हलकं पाणी द्या, वापसा आला की झाडापासून फूटभर लांबून चारी बाजूंनी सैल करा आणि गड्डा दोन्ही हातांनी खालून उचला. खोडाला धरून ओढू नका. चिकटलेली माती हातानंच झाडा. चार दिवस सावलीत, वाऱ्याला, पालथा ठेवा म्हणजे पोकळ खोडातलं पाणी निथळेल. हे पालथं ठेवणं फार कमी जण सांगतात. खोड नळीसारखं असतं, आणि त्यात उरलेलं पाणी बरोबर डोळ्यांवर बसतं.

मग जुना माठ. बुडाला भोक, तळाशी कोरडी वाळू, त्यावर कंद, पुन्हा वाळू, कंद एकमेकांना न लागता. तोंडावर भोकं पाडलेला पत्रा, कारण उंदरांना हे फार आवडतं. सोयाबीनचं भुसकट वापरू नका, पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. माठ घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. गावाकडं माळवदाचं घर असेल तर तुम्ही नशीबवान. जाड मातीच्या भिंती आणि मातीचं छत यांमुळं आतली खोली मेमध्येही सिमेंटच्या खोलीपेक्षा कितीतरी सुखाची असते. माझे वाफ्यातले कंद पाडव्याला औशाकडं जातात आणि पोळ्याला परत येतात, माहेरवाशिणींसारखे.

फ्रिजचाही पर्याय आहे. डेलियाचा कंद ४ ते १० अंशांत सगळ्यात छान झोपतो आणि भाजीचा कप्पा साधारण तेवढाच थंड असतो. वर्तमानपत्रात गुंडाळा, भोकं पाडलेल्या पिशवीत घाला, फळांपासून लांब ठेवा. मी दोन वर्षं केलं. दुसऱ्या वर्षी आषाढीला नणंद आली आणि उपवासाची रताळी समजून दोन कंद सोलून मोकळी झाली. मेक्सिकोत पूर्वी हे कंद खात असत हे खरं आहे, पण विकतच्या कंदांना बुरशीनाशक लावलेलं असू शकतं, त्यामुळं प्रयोग नको. तेव्हापासून फ्रिज बंद.

दर अमावस्येला माठ उघडून एकेक कंद दाबून बघते. मे महिन्यात सुरकुत्या दिसल्या तर वाळूवर हातानं थोडं पाणी शिंपडायचं, चमचा-दोन चमचे, बस. जूननंतर मात्र उलटं: हवेतच ओल असते, पाण्याचा थेंबही नाही. एखादा मऊ लागला तर तो आणि त्याच्याभोवतीची वाळू लगेच बाहेर.

जुलैत माठातच कोंब फुटले तर घाबरू नका, मोडू पण नका. असा कंद छोट्या कुंडीत, कोरडसर मातीत लावून ओसरीवर ठेवा. दिवस मोठे असल्यानं झाड लांबट, लुकडं होईल, त्याच्याकडून फुलाची अपेक्षा नाही. शेंडा खुडत राहा, आणि गणपतीनंतर त्याच्या काड्या करा. एका उतावळ्या कंदापासून मला गेल्या वर्षी सहा रोपं मिळाली.

नावाच्या चिठ्ठ्या मात्र कागदाच्या करू नका. जुन्या प्लास्टिकच्या डब्याच्या पट्ट्या कापून त्यावर पेन्सिलनं लिहा. मार्करचं उडून जातं, पेन्सिलचं राहतं. यंदा औशाला पाठवताना मी कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्या वाळवीनं खाल्ल्या. आता टोपल्यात चौदा कंद आहेत, चौदाही टणक, अकरांना डोळे आले आहेत, आणि त्यातला जांभळा कोणता ते संक्रांतीलाच कळेल.